आबांची हेराल्ड निंबाखाली उभी आहे. ढाब्याला द्यावी, जपून ठेवावी की चालवावी?

निंबाखाली

नमस्कार मंडळी. धरमपेठेत आमचं जुनं घर आहे. मागच्या अंगणात निंबाखाली, ताडपत्रीच्या आत, १९६७ ची स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. दोन दारांची, टप पांढरा, खालचा रंग फिका निळा. आबांनी (माझे वडील) ती १९७४ साली दुसऱ्या हाताची घेतली आणि २००६ पर्यंत स्वतः चालवली. मग त्यांचे गुडघे गेले आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. गेल्या पावसाळ्यात आबा गेले.

वर्धा रोडवर नवा ढाबा टाकणारे एक गृहस्थ दोनदा घरी येऊन गेले. त्यांना ही गाडी दारात चौथरा बांधून त्यावर उभी करायची आहे, आतून दिवे लावून. पैसेही बरे देतायत. हैदराबादचा धाकटा भाऊ म्हणतो देऊन टाक, निदान चार लोक बघतील. आई काहीच बोलत नाही. मला द्यायची नाही एवढं पक्कं आहे, पण ठेवून तिचं करायचं काय, ते कळत नाही. पॉलिश करून पोर्चमध्ये ठेवायची की रस्त्यावर काढायची? नागपूरच्या उन्हात एवढी जुनी गाडी चालते का? आणि हिला हात लावू शकेल असा मिस्त्री आता कुठे मिळतो?

आणखी एक. चारपैकी तीन व्हील कप (चाकांवरची गोल झाकणं) डिकीत सापडले. चौथा नाही. कुणाकडे जादा पडला असेल तर कळवा, योग्य किंमत देईन.

वऱ्हाडीठेचा

राजेहो, गाडी काय पुतळा आहे काय चौथऱ्यावर बसवाले? देऊ नका बाप्पा. पहिले फोटो टाका.

चौथागिअर

उन्हाचं मी सांगतो, कारण माझी १९८९ ची प्रीमिअर पद्मिनी मी मेमध्येही चालवतो. शौक म्हणून नाही, मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सला ऑफिसला. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, पुढे सलग बाक. पुढे बसायला माझ्या दोन्ही मुलींची अजून भांडणं होतात.

उन्हात इंजिन तापून बंद पडतं असं लोक समजतात. बहुतेक वेळा तसं नसतं. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो आणि इंजिनच्याच कॅमवर चालतो. पारा ४५ च्या पुढे, सिग्नलवर गाडी उभी, बॉनेटखाली वारा नाही. अशा वेळी पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलायला बनवलाय, वाफ त्याच्याकडून ढकलली जात नाही. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कोरडा पडतो आणि गाडी दोन गचके देऊन बसते. व्हरायटी चौकात भर दुपारी अडीचला माझी अशी बसली होती. मागून हॉर्न, डोक्यावर ऊन. एक रिक्षावाले काका उतरले, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, स्वतःचा दुपट्टा भिजवला आणि पंपावर गुंडाळला. पाच मिनिटांत गाडी सुरू. म्हणाले, "तीस साल टॅक्सी चलाई है, साब." त्या दिवसापासून माझ्या गाडीत एक सुती फडका आणि दोन बाटल्या पाणी कायम असतं.

पक्का उपाय करायचा तर पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या तापलेल्या नळीपासून लांबून फिरवा आणि पंप व इंजिनच्या मध्ये उष्णता अडवणारी जाड पॅकिंग आहे ना, ते बघा. मी दोन्ही केलं. मागच्या उन्हाळ्यात फडका एकदाच लागला.

सदरवाली

चौथागिअर, पुढच्या बाकावरून आमच्याकडेही भांडणं व्हायची!

आमच्याकडे अँबेसेडर आहे, १९८२ ची मार्क फोर. सासऱ्यांची. ते गेल्यावर ती मीच चालवते, नवऱ्याला तिचं स्टिअरिंग जड पडतं. दर रविवारी सकाळी सदरहून सेमिनरी हिल्स, तिथून फुटाळा आणि परत. अर्धा तास. निंबाखाली, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या अर्ध्या तासात आहे. ज्या वर्षी सासूबाईंच्या आजारपणात गाडी आठ महिने उभी राहिली, त्या वर्षी तिच्यावर सगळ्यात जास्त खर्च झाला. ब्रेकचे रबर चिकटले, क्लच प्लेट चिकटली, टाकीत गंज, बॅटरी मेली. चालवली त्या वर्षी फक्त तेल आणि एक फॅनबेल्ट. पोर्चमध्ये ठेवलेली गाडी जपलेली वाटते, पण ती तिथे उभ्या उभ्या झिजत असते.

आणि अँबेसेडर म्हटलं की मला हिवाळी अधिवेशन आठवतं. लहानपणी डिसेंबर आला की सिव्हिल लाइन्समध्ये, रविभवनाच्या बाजूला पांढऱ्या अँबेसेडरांच्या रांगा लागायच्या. आम्ही पोरी शाळेतून येताना लाल दिवे मोजायचो. जिच्या पैजेप्रमाणे आकडा आला तिला बोरं मिळायची. २०१४ च्या मे महिन्यात अँबेसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना थांबल्याची बातमी आली, तेव्हा सासरे दिवसभर गाडी पुसत बसले होते.

रविवारचा_पोहेवाला

ताई, फुटाळ्याला नेहमी एक पांढरी अँबेसेडर दिसते, मागच्या काचेत क्रोशाचा रुमाल. तुम्हीच का त्या?

सदरवाली

हो, मीच. रुमाल सासूबाईंनी विणलेला.

जुनाकार्ब्युरेटर

हेराल्डचं नाव वाचून राहवलं नाही. नोकरीत असताना मी अकरा वर्षं हेराल्डने कामठी रोडला जात होतो. लांबलचक लिहितो, गोड मानून घ्या.

ही गाडी मूळची इंग्लंडची. ट्रायम्फ हेराल्ड, १९५९. रूप दिलं जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने. त्या काळी कंपनीला अखंड बॉडी करून देणारं कुणी मिळेना, म्हणून त्यांनी खाली वेगळी चेसिस, म्हणजे सांगाडा, ठेवली आणि वर बॉडीचे भाग बोल्टने जोडले. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती आपल्याकडे काढली, ९४८ सीसीच्या इंजिनासह. त्या वेळी ज्याला जुनाट पद्धत म्हणून नाकं मुरडली गेली, तीच आज तुमच्या कामाची आहे. कुजलेला भाग सोडवून बाहेर काढता येतो, दुरुस्त करून परत लावता येतो. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून पुढे उलटतात, मगरीने जबडा उघडावा तसे. पुढच्या टायरवर बसून निवांत इंजिनचं काम करता येतं. आणि ती वळते किती लहान जागेत! पंचवीस फुटांच्या वर्तुळात. इतवारीच्या गल्लीत मी ती एका फेरीत वळवली आहे.

आता तुमची गाडी. एकोणीस-वीस वर्षं उभी आहे, तेव्हा "एकदा सुरू करून तर बघू" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा द्या आणि घरी पाठवा. आधी ब्रेक. चारही चाकांचे ड्रम उघडा, सिलिंडरचे रबर बदला, जुनं ब्रेक ऑइल सगळं काढा. ते तेल हवेतलं पाणी ओढतं आणि आतून गंज धरतं. मग टाकी खाली उतरवून धुवा. मग चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि आठवडाभर विसरा. नंतर प्लग न लावताच इंजिन हाताने फिरवून बघा. ते मोकळं फिरलं, जुनं ऑइल बदललं, रेडिएटरच्या नळ्या साफ झाल्या की मगच स्टार्टर. बॅटरी जोडण्याआधी अर्थ कुठला आहे, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडायचं, ते बघा. त्या काळच्या पुष्कळ इंग्लिश गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेला असतो. सवयीने निगेटिव्ह लावलात तर डायनॅमोची काशी होईल.

आणि एक गोष्ट चालवायला लागलात तरी विसरू नका. पुढच्या चाकांच्या खालच्या जोडाला ट्रनियन म्हणतात, पितळेचा असतो. त्यात ग्रीस नाही, गिअरचं तेल घालायचं, नव्वद नंबरचं. मिस्त्री ग्रीसगन घेऊन सरसावतोच, त्याला थांबवा. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही, आटे कोरडे पडतात, गंजतात आणि एके दिवशी उभा दांडा तुटून चाक आडवं होतं. दोन-तीन हजार किलोमीटरला एकदा तेल. एवढंच. पण हे चुकवू नका.

निंबाखाली

काका, तुमची पोस्ट छापून काढली आणि आईला वाचून दाखवली. ट्रनियनचं वाचल्यावर आई म्हणाली, "तेलाची ती पितळी पिचकारी माळ्यावर आहे." या विषयावर ती पहिल्यांदाच बोलली.

टिळकरोड

पुण्याहून लिहितोय. माझ्याकडे हेराल्डच्या जागी आलेली गॅझेल होती, १९७३ ची. माझी एकच विनंती: रंग काढू नका. गॅरेजवाला पहिल्या दिवशी म्हणेल "पूर्ण घासून नवा रंग मारू, चकाचक". मी ते केलं. गाडी सुंदर दिसली आणि परकी झाली. वडील ज्या दाराला कोपर टेकवून बसायचे, तिथला रंग उडून खालचा प्राइमर दिसत होता. तोही गेला. आता तो कितीही पैसे टाकून परत येत नाही. गंज थांबवा, पण आबांच्या हाताचे डाग राहू द्या.

समृद्धीवरून

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. जुनी गाडी वापरायची तर तिला वापरण्याजोगी करा. मी माझ्या जुन्या फियाटमध्ये मारुतीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवला, पुढे डिस्क ब्रेक, वर एसी. बाहेरून १९७० ची, आतून आजची. बायको-मुलं आनंदाने बसतात. फडके भिजवत चौकात उभं राहणं मला जमणार नाही. मिस्त्रीही कुठलाही चालतो.

जुनाकार्ब्युरेटर

समृद्धीवरून, राग अजिबात नाही, पण सहमत नाही. जुन्या फियाटचा आवाज, तिचा गिअर, चढावर तिचं धापा टाकणं, हे काढून घेतलंत तर उरलं काय? पत्रा. मग ढाब्यावरच्या चौथऱ्यात आणि तुमच्या गाडीत फरक एवढाच की तुमची पुढे सरकते.

समृद्धीवरून

काका, हे थोडं लागलं. माझी मुलगी त्याच "पत्र्यात" गाडी चालवायला शिकली. आता तिला स्वतःची जुनी गाडी हवी आहे. एसी नसता तर ती कधी त्यात बसलीच नसती.

जुनाकार्ब्युरेटर

शब्द मागे घेतो. मुलगी शिकली हे फार मोठं काम केलंत. इंजिनबद्दलचं मत तेवढं तसंच ठेवतो.

फॉर्म_पंचवीस

दोघांच्या वादात कागदाचा मुद्दा राहून गेला. इंजिन बदललंत तर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर अपघातात विमा अडतो.

निंबाखाली, तुमच्यासाठी सविस्तर. पहिलं काम: गाडी अजून आबांच्या नावावर असणार. मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची, म्हणजे आई आणि भाऊ यांची, संमती लागेल. भावाची सही तो "देऊन टाक" म्हणतोय तोपर्यंत नव्हे, त्याला गाडीत बसवून एक फेरी मारल्यावर घ्या. लगेच मिळेल.

दुसरं काम नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं असते, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी. त्याचा फॉर्म २५, माझं नाव तिथूनच आलंय. पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात काढावीच लागते, असं नागपुरात निम्म्या लोकांना वाटतं. तो वयाचा नियम दिल्ली आणि भोवतालच्या भागाचा. इथे गाडी तपासणीत पास झाली, पर्यावरण कर भरला की रस्त्यावर काढता येते. नवी सुरक्षा नंबर प्लेट मात्र जुन्या गाडीलाही लागते.

तिसरं, विंटेज नोंदणी. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने त्यासाठी वेगळे नियम आणले, खातं आपल्या नागपूरच्याच गडकरींकडे होतं. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी ५,०००. आधीपासून नोंदणी असेल तर जुना नंबर कायम राहतो, नव्याने घेणाऱ्याला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. पण नीट वाचा: अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे तुम्हाला आईला घेऊन रामटेकला जायचं असेल तर साधं नूतनीकरण करा, विंटेजच्या मागे लागू नका. तुमचा मूळ प्रश्न, जपायची की चालवायची, तो शेवटी आरटीओच्या याच खिडकीवर येऊन थांबतो.

वऱ्हाडीठेचा

फॉर्मभाऊ, तुमी इतकं सांगता की मले आता माह्या लॅम्ब्रेटाचे कागद शोधा लागतीन. आजोबाची आहे. कोठ्यात उभी आहे, वर कोंबड्या बसते.

रविवारचा_पोहेवाला

लॅम्ब्रेटा?! फोटो टाक बे लवकर. आमच्याकडे विजय सुपर होती. बाबा दर सकाळी ती डावीकडे तिरपी करायचे, मग तीन किका. शेजारचे बजाजवाले त्याच वेळी त्यांची तिरपी करायचे. गल्लीत रोज साडेनऊला सगळ्या स्कूटर नमस्कार करतात असं आम्हाला वाटायचं.

चौथागिअर

हा धागा गाडीचा आहे, स्कूटरचा नवा काढा. मी पहिला प्रतिसाद देतो.

फायबरची_डॉल्फिन

विचित्र गाड्यांचं निघालंय तर आमची सांगते. वडिलांकडे सिपानी डॉल्फिन होती. बंगळूरची कंपनी, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून बनवलेली, ८४८ सीसी, दोनच दारं आणि बॉडी फायबरची. मारुती यायच्या जरा आधीची. काटोलला आमच्या गल्लीत पोरं बोटाने टकटक करून बघायची, पत्र्यासारखा आवाज येतो का. पावसात सगळ्यांच्या गाड्या गंजल्या, हिला डाग नाही. १९९४ मध्ये विकली. मी सहावीत होते. संत्र्याच्या बागेतून येताना वडील मागची सीट पाडून डिकीचं दार वर उचलायचे, मी आणि भाऊ संत्र्यांच्या पाट्यांमध्ये बसायचो. त्या गाडीचा एक फोटो आहे, त्यातही निम्मी गाडी माझ्या काकूच्या मागे गेलीय. कुणाकडे चालू डॉल्फिन असेल तर फक्त एकदा बसायचंय. निंबाखाली, म्हणून सांगते, देऊ नका. नंतर फोटोत शोधत बसावं लागतं.

हिशेबाची_वही

सगळे भावनेने लिहितायत, मी थोडं दुसऱ्या बाजूने. माझी महिंद्राची जुनी जीप मी एका रिसॉर्टला शोभेसाठी दिली होती. पहिल्या वर्षी रंगवून, फुलांच्या कुंड्या ठेवून मस्त दिसायची. तिसऱ्या पावसाळ्यात फ्लोअर गळाला, टायर बसले, मुलांनी स्टिअरिंग उपटलं. ढाब्याला देऊ नका, हे मीही सांगतो. पण पुढच्या पाच वर्षांत आपण हिला हात लावणार नाही असं मनातून वाटत असेल, तर घरी निंबाखाली ठेवणं म्हणजे तोच चौथरा, फक्त दिवे नाहीत. त्यापेक्षा चालवणाऱ्या माणसाला द्या, कमी पैशात द्या, वर्षातून एकदा भेटायला जायच्या अटीवर द्या. मी ते तेव्हा केलं असतं तर आज जीप चालू असती.

निंबाखाली

हिशेबाची वही, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. बरोबर आहे तुमचं.

काल रविवारी ताडपत्री काढली. सांगतो काय काय निघालं. मागच्या सीटच्या स्प्रिंगात मांजरीने कधीतरी केलेलं घर, डाव्या हेडलाइटच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या, सगळं रबर हाताने चुरतंय, डॅशबोर्डच्या लाकडाला तडे. पण पत्रा! मिस्त्री आले होते (चौथागिअरांनी पाठवलेले, सत्तरीचे आहेत). त्यांनी सगळीकडे टिचक्या मारून बघितलं, म्हणाले मुंबईची असती तर आतापर्यंत माती झाली असती, नागपूरच्या कोरड्या हवेने चेसिस वाचवली. ऊन रबर खातं, रंग खातं, पण लोखंड सोडतं. दाराच्या खालची पट्टी तेवढी कुजलीय.

आणि डॅशबोर्डच्या खणात आबांची वही सापडली. खिशात मावेल एवढी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक वेळी पेट्रोल किती, किलोमीटर किती, काय बदललं. लिटरला बारा-तेरा पडत होतं. एक नोंद उतरवतो: "१७ मे ८१. दु. ३. वर्धेहून परत. ऊन फार. पवनारला २० मि. थांबलो, बॉनेट उघडून. पुढे त्रास नाही." अजून एक: "रामटेक, त्रिपुरी पौर्णिमा. मनसरला पंखापट्टा तुटला. सौ. नी साडीचा काठ देऊ केला, लागला नाही."

नागपूरच्या उन्हात चालते का असं मी इथे विचारलं होतं.

सदरवाली

वही वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईंना विचारा, साडी कुठली होती?

निंबाखाली

विचारलं. म्हणाली, "हिरवी. अजून आहे."

चौथागिअर

मिस्त्रींचा मला फोन आला होता. म्हणाले पुष्कळ वर्षांनी हेराल्डचं बॉनेट उलटलं, घरी जाऊन बायकोला सांगितलं. त्यांच्या हाताखाली कुणी शिकत नाही, ही मला खरी काळजी आहे. कॉम्प्युटर लावून दोष शोधणारी पोरं हुशार आहेत, पण कार्ब्युरेटरची जेट फुंकून साफ करायची वेळ आली की गोंधळतात. निंबाखाली, ते काम करतील तेव्हा शेजारी उभे राहा आणि मोबाइलवर सगळं टिपून ठेवा. मी माझ्या गाडीचं तसंच शिकलो. सीबी पॉइंटची (प्लगला वेळेवर ठिणगी देणाऱ्या भागाची) फट आता मी स्वतः लावतो.

टिळकरोड

भागांचं: दोन दारांची असल्याने तुमचं काम सोपं आहे. इंग्लंडमध्ये हेराल्ड पाच लाखांवर बनल्या, तिकडे अजून रबर, बुश, ब्रेकचे भाग नव्याने बनतात. मद्रासच्या चार दारांच्या गाडीची दारं आणि काचा मात्र तिकडेही मिळत नाहीत, ती इथेच शोधावी लागतात.

समृद्धीवरून

पेट्रोलचा एक मुद्दा, यात मी आणि काका एका बाजूला असू. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. एकदा काम काढलंच आहे तर पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घाला. आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका, इथेनॉल पाणी धरतं आणि ते तळाशी बसतं. पेट्रोल शिळं व्हायच्या आत जाळायचं तर गाडी चालवावीच लागते.

जुनाकार्ब्युरेटर

एका बाजूला आहोत. भर घालतो: २००० सालापासून आपल्याकडे शिशाचं पेट्रोल बंद झालं. या इंजिनांचे व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) त्या शिशाच्या भरवशावर होते. सावकाश चालवाल तर काळजी नाही, पण दर वर्षी टॅपेटची फट मोजा. ती परत परत कमी होत असेल तर सीट झिजतेय. हेड उघडायची वेळ येईल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, त्याला मी बदल म्हणणार नाही.

आणि चालवण्याबद्दल. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, त्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय) नाही. चारही ब्रेक ड्रमचे, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. मागची चाकं झुलत्या एक्सलवर आहेत, आडवा पाटा एकच. जोरात वळणावर घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडू नका, मागची चाकं आत मुडपतात. वळणाआधी वेग कमी करा आणि हलका पाय ठेवून वळा.

रविवारचा_पोहेवाला

मी फक्त एवढं सांगायला आलो की रविवारी सकाळी सात वाजता तर्री पोह्यांवर भेटतोय. जुनी गाडी असो, नसो, या. गेल्या वेळी पद्मिनी, अँबेसेडर आणि एक काँटेसा आली होती. पोहेवाल्याने तिन्ही गाड्यांच्या बॉनेटवर प्लेटा ठेवू दिल्या नाहीत, म्हणाला "पेंट खराब होते जी." कांद्यासाठी वेगळं टेबल आणून दिलं.

वऱ्हाडीठेचा

लॅम्ब्रेटा कोठ्यातून काढली. कोंबड्या नाराज आहे. इंजिन फिरते!! आणि निंबाखालीभाऊ, फियाटचा व्हील कप आहे माह्याजवळ, बसते का पहा.

निंबाखाली

नाही हो बसणार, पण मनापासून आभार.

निंबाखाली

साडेचार महिन्यांनी धागा वर काढतोय. ज्यांनी ज्यांनी विचारपूस केली त्यांना निरोपातून उत्तरं दिली, पण इथेही लिहायला हवं.

ढाब्याच्या गृहस्थांना नाही म्हणून सांगितलं. ते चांगले निघाले, म्हणाले चालू झाली की जेवायला गाडी घेऊनच या, दारात लावा, तासभर तरी शोभेल.

रंग तसाच ठेवलाय. दाराखालची कुजलेली पट्टी बदलली तेवढाच भाग निळा गडद दिसतो. ब्रेक, टाकी, नळ्या, वायरिंग, टायर, सगळं काकांनी सांगितलेल्या क्रमाने. अर्थ खरंच पॉझिटिव्ह निघाला. इंजिन तिसऱ्या प्रयत्नात धरलं. आधी खूप धूर, मग खोकला, मग तो आवाज. मी आठवी-नववीत असताना संध्याकाळी फाटकाशी जो यायचा तोच. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि सवयीने फाटक उघडायला गेली.

भाऊ दिवाळीत आला होता. फॉर्म पंचवीस, तुमचा सल्ला तंतोतंत पाळला. अंबाझरीपर्यंत मी नेली, परत येताना त्याने चालवली. घरी पोचल्यावर स्वतःच म्हणाला, सही कुठे करायची?

नूतनीकरण साधंच केलं. आता गुरुवारी आणि रविवारी चालते. परवा आईला पुढे बसवून रामटेकला गेलो, पौर्णिमेला नाही, गर्दी नको म्हणून साध्या दिवशी. साठच्या वर नेली नाही. मनसरला थांबलो, काही बिघडलं नव्हतं, आईला थांबायचं होतं.

व्हील कपही सापडला. गच्चीवर. चिमण्यांना पाणी ठेवायला आबांनी तो उलटा करून कठड्यावर सिमेंटात बसवलाय, मी इतकी वर्षं ती वाटीच समजत होतो. काढायला छिन्नी घेऊन गेलो तर आई म्हणाली, "उन्हाळा तोंडावर आलाय, पाखरं कुठे जातील?" तो तिथेच राहील. गाडी तीन व्हील कपांवर फिरतेय.

वऱ्हाडीठेचा

मंग फोटो उजव्या बाजूनंच काढा जी.

सदरवाली

आईंनी रामटेकला कुठली साडी नेसली होती, ते विचारत नाही. कळलं.

जुनाकार्ब्युरेटर

फार आनंद झाला. ट्रनियनमध्ये तेल घातलं का, ते लिहिलं नाही.

निंबाखाली

घातलं काका. नव्वद नंबरचं, आबांच्याच पिचकारीने.